देवनागरी मजकुराची पडद्यावरील एकरूपता

एकच मजकूर निरनिराळ्या संगणकांवर, किंवा एकाच संगणकाला जोडलेल्या निरनिराळ्या मॉनिटरांवर, सारखाच दिसणे ही मजकुराची पडद्यावरील एकरूपता होय. रोमन लिपीतील मजकुरात या बाबतीत जो भेद पडतो तो बहुधा अक्षराचा आकार, जाडी वा स्पष्टता यांपुरता मर्यादित असतो. देवनागरीत मात्र भेद त्यापलीकडे जातो. वेलांटी आपली जागा सोडते, जोडाक्षर फुटते, एका अक्षराऐवजी दुसरेच उमटते आणि क्वचित सर्व मजकूर रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या अर्थहीन मालिकेसारखा दिसतो. वाचकाला हा मॉनिटरचा दोष वाटतो. प्रत्यक्षात तो संकेतांक, फाँट, अक्षरांची जुळवणी व पडदा या चार पायऱ्यांपैकी कोणत्याही पायरीवर उद्भवलेला असू शकतो आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

या प्रश्नाचा इतिहास संगणकाहून जुना आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या परिसरात त्याचे महत्त्वाचे टप्पे पाहावयास मिळतात. पूर्वीच्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि भोवतालची संस्थाने मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव देण्यात आले. ताम्रपटावरून गीता छापणारे मिरज, लिपिसुधारणेचा प्रयोग करणारी किर्लोस्करवाडी आणि मराठी विश्वकोशाचे ठिकाण असलेले वाई ही तिन्ही स्थळे या परिसरातील होत.

ताम्रपट आणि खिळे : पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुण्यातील वास्तव्यात स्थानिक कारागिरांना कोरीव कामाचे शिक्षण मिळाले. नाना फडणीस यांच्या (१७४२–१८००) प्रोत्साहनाने भगवद्‌गीतेचे ताम्रपट कोरण्याचे काम सुरू झाले. नानांच्या मृत्यूनंतर हे काम करणारा तांबट मिरजेस गेला आणि तेथील अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ती गीता छापून झाली. या पद्धतीत संपूर्ण पृष्ठ तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरले जाई. त्यामुळे मजकूर आणि त्याचे दृश्य रूप एकजीव असे. प्रत कोठेही नेली तरी तिच्यातील वेलांटी हलत नसे. तथापि पत्र्यावरील एक अक्षर काढून दुसऱ्या ठिकाणी वापरता येत नसे व नव्या मजकुरासाठी नवा पत्रा कोरावा लागे.

त्याच वर्षी, म्हणजे १८०५ मध्ये, बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी याचे मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. येथे मजकूर व रूप यांची फारकत झाली. मजकूर म्हणजे खिळ्यांचा क्रम आणि रूप म्हणजे त्या छापखान्यात उपलब्ध असलेल्या खिळ्यांचे वळण. एकच हस्तलिखित दोन छापखान्यांकडे दिल्यास दोन निराळ्या रूपांची पुस्तके निघू लागली. संगणकाच्या पडद्यावर आज जो भेद दिसतो त्याचे मूळ या फारकतीत आहे.

वळणांचे भेद : एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळ्यांची दोन प्रमुख वळणे रूढ झाली, एक कलकत्त्याचे व दुसरे मुंबईचे. अ, झ, ण, ल, श ही अक्षरे आणि काही अंक या वळणांत वेगळे दिसत. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्या कौशल्याने तेथील खिळ्यांना जी सुबकता आली तिच्यामुळे मुंबई वळण दूरवर पोहोचले. अ, झ व ण यांची मुंबई वळणाची रूपे पुढे हिंदीनेही स्वीकारली. ल व श यांच्या बाबतीत मात्र भेद राहिला. मराठी ल हे अक्षर दोन पाकळ्यांचे असून त्याच्या उजवीकडे उभा दंड नसतो, तर हिंदी ल दंडयुक्त असतो. श या अक्षराच्या डाव्या भागाची घडणही दोन्हीकडे निराळी आहे. ‘सांगली’ व ‘शिराळा’ ही नावे दोन संगणकांवर दोन तऱ्हांनी दिसण्याचे एक कारण हा जुना वळणभेद होय. त्यात अशुद्ध असे काही नाही. परंतु मराठी शाळेत एक वळण गिरवणाऱ्या मुलास पडद्यावर दुसरे वळण दिसते, हा भेद उपेक्षणीयही नाही.

किर्लोस्करवाडीचा प्रयोग : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना काढला व त्याभोवती किर्लोस्करवाडी वसली. हे ठिकाण आता सांगली जिल्ह्यात आहे. तेथून १९२० पासून किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघू लागले. पुढे शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली किर्लोस्कर, स्त्री (१९३०) व मनोहर (१९३४) ही मासिके महाराष्ट्रभर वाचली जाऊ लागली. खिळ्यांची संख्या कमी व्हावी व जुळणी सोपी व्हावी या हेतूने वि. दा. सावरकर प्रभृतींनी लिपिसुधारणेचा पुरस्कार केला होता. तीत इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या स्वतंत्र स्वरचिन्हांऐवजी अ या अक्षराला वेलांटी, उकार, मात्रा लावून स्वर लिहावेत असे सुचविले होते. ही ‘अ’ची बाराखडी किर्लोस्कर मासिकांनी काही काळ वापरली.

वाचकाच्या दृष्टीने ‘इंग्रजी’ व ‘अिंग्रजी’ हा एकच शब्द होय. यंत्राच्या दृष्टीने मात्र पहिल्यात इ हे एक चिन्ह आहे आणि दुसऱ्यात अ व वेलांटी अशी दोन चिन्हे आहेत. या मासिकांतील मजकूर मुळाबरहुकूम संगणकात भरल्यास ‘इंग्रजी’ हा शब्द शोधणाऱ्याला तो सापडत नाही. माणसाला एक वाटणारे लेखन यंत्राला दोन वाटू शकते, ही या प्रयोगातून स्पष्ट होणारी गोष्ट देवनागरीच्या संगणकीय इतिहासात पुन्हापुन्हा आढळते.

टंकलेखन यंत्रापासून फाँटपर्यंत : खिळ्यांच्या पेटीत शेकडो घरे असत. जोडाक्षरांचे स्वतंत्र खिळे पाडता येत. टंकलेखन यंत्रावर मात्र शंभराच्या आत खुणा बसवाव्या लागल्या. त्यासाठी अक्षरांचे तुकडे करण्यात आले. अर्ध्या अक्षरापुढे काना मारला की पूर्ण अक्षर होई आणि आणखी एक काना मारला की त्याचे आकारान्त रूप होई. वेलांटी अक्षराच्या आधी उमटत असल्याने ती आधी टंकित केली जाई. कागदावर उमटलेले रूप बरोबर असले की काम पुरे होत असे. ते रूप कोणत्या क्रमाने सिद्ध झाले, याला महत्त्व नव्हते.

१९८० नंतर वैयक्तिक संगणक आले तेव्हा मराठी मजकुरासाठी हीच रीत उचलण्यात आली. रोमन लिपीसाठी ठरलेल्या संकेतांकांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले फाँट तयार झाले. एका फाँटमध्ये अशी जास्तीत जास्त २५६ घरे असत. कोणत्या घरात कोणता तुकडा ठेवावा हे प्रत्येक निर्मात्याने स्वतंत्रपणे ठरविले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम इ. प्रणालींचे फाँट महाराष्ट्रातील छापखाने, वृत्तपत्रे व कचेऱ्या यांत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि मराठी अक्षरजुळणीच्या इतिहासात त्यांचा वाटा मोठा आहे. तथापि या पद्धतीत संगणकात साठविलेला मजकूर मराठी नसून रोमन संकेतांकांची माळ असे. विशिष्ट फाँट जोवर त्या संगणकावर असेल तोवर ती माळ मराठी दिसे. सातारच्या कचेरीत तयार केलेली फाईल सांगलीच्या कचेरीत उघडली आणि तेथे तो फाँट नसला की पडद्यावर रोमन अक्षरे, कंस व विरामचिन्हे यांचे मिश्रण दिसे. जवळपास तसाच पण वेगळ्या मांडणीचा फाँट असला तर दोष अधिक फसवा होई, कारण बहुतेक शब्द बरोबर दिसून काही अक्षरेच बदलत.

संकेतांकांचे प्रमाणीकरण : भारतीय लिप्यांसाठी समान संकेतांक असावेत या दिशेने केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८० नंतरच्या दशकात प्रयत्न केले. त्यांतून ‘इस्की’ ही आठ बिटांची संकेतप्रणाली सिद्ध झाली व १९९१ मध्ये ती आय. एस. १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत सुरू झालेल्या संशोधनाच्या आधारे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने (स्थापना १९८८) ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले. त्याचे कार्ड संगणकात बसविले की पडद्यावर भारतीय लिपी दिसत. या प्रणालीचे तत्त्व जुन्या फाँटहून मूलतः वेगळे होते. साठवावयाचा तो अक्षराचा आकार नसून उच्चारक्रमाने येणारा वर्ण होय, आकाराची निवड पडद्यावर दाखविताना करावी, असे हे तत्त्व होते.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्की आराखड्यावर आधारलेला होता. या विभागात ०९०० पासून पुढे १२८ स्थाने असून त्यांत प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक आहे. उदा., र या वर्णाचा ०९३०, ऱ याचा ०९३१, ल याचा ०९३२, ळ याचा ०९३३ व श याचा ०९३६. मराठी ल आणि हिंदी ल यांना वेगळे क्रमांक नाहीत, कारण वर्ण एकच असून भेद केवळ वळणाचा आहे. इंग्रजी शब्दांतील स्वरासाठी मराठीत वापरल्या जाणाऱ्या ॲ या चिन्हाला मात्र युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक स्वीकारले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला, जोडाक्षरे व अंक यांच्या प्रमाण रूपांविषयी निर्णय प्रसृत केला आणि २०२२ मध्ये त्याविषयीचा सुधारित निर्णय निघाला. पहिले मानक संकेतांकांचे व दुसरे रूपांचे आहे. दोन्ही पाळली गेली तरच पडद्यावरील मराठी सर्वत्र सारखी दिसेल.

जुळवणीची यंत्रणा : युनिकोडमध्ये मजकूर उच्चारक्रमाने साठविला जातो. ‘शिराळा’ या शब्दात प्रथम श, नंतर वेलांटी, मग र, काना, ळ व काना असा क्रम असतो. पडद्यावर मात्र वेलांटी श या अक्षराच्या डावीकडे दिसली पाहिजे. ‘कृष्णा’ या शब्दात ष, हलन्त चिन्ह व ण हे तीन क्रमांक मिळून एक जोडाक्षर झाले पाहिजे. हे काम संगणकाच्या प्रणालीतील जुळवणीची यंत्रणा फाँटमधील नियमांच्या आधारे करते. पूर्वी छापखान्यातील जुळारी जे काम हाताने करी तेच आता वाचकाच्या यंत्रात, प्रत्येक वेळी मजकूर उघडताना, नव्याने केले जाते.

विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीच्या जुळवणीची सोय झाली व तिच्याबरोबर मंगल हा फाँट आला. त्याची आखणी कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी केली होती. भारतात सर्वत्र उपयोगी पडावयाच्या या फाँटमध्ये ल व श यांची मूलभूत वळणे हिंदी प्रघाताची होती. पुढे विकसित झालेल्या काही फाँटमध्ये दोन्ही वळणे समाविष्ट असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण मजकुरासोबत दिलेली असल्यास मराठी वळण आपोआप निवडले जाते. ही खूण नसल्यास तोच फाँट दुसऱ्या वळणाचे अक्षर दाखवितो. म्हणून एकच फाँट असलेल्या दोन संगणकांवरही ल निराळा दिसू शकतो.

जुळवणीची सोय नसलेल्या वा अपुरी असलेल्या प्रणालीत वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षराऐवजी पाय मोडलेली सुटी अक्षरे दिसतात. विंडोज एक्सपीवर ही सोय पुष्कळदा स्वतंत्रपणे बसवून घ्यावी लागे आणि अँड्रॉइड भ्रमणध्वनींच्या आरंभीच्या आवृत्त्यांतही देवनागरीची हीच अवस्था होती. अक्षराचा आधार न सापडलेल्या वेलांटीजवळ किंवा मात्रेजवळ तुटक रेषेचे वर्तुळ दिसते. जुन्या फाँटमधील मजकुराचे रूपांतर करताना वेलांटी अक्षराच्या आधीच राहून गेली तर असे वर्तुळ उमटते. ॲ हे चिन्ह अ आणि त्यावरील चंद्र असे दोन क्रमांक देऊन लिहिले असल्यास काही यंत्रणा तेथेही वर्तुळ दाखवितात, तर काही दोहोंना बिनतक्रार जोडतात.

‘कऱ्हाड’ या नावाचे उदाहरण : र या वर्णाचे जोडाक्षरात एकाहून अधिक प्रकारे रूपांतर होते. ‘आचार्यांना’ या शब्दात तो रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर जातो. ‘आचाऱ्यांना’ या शब्दात तो बाकदार खुणेच्या रूपाने पुढील अक्षराच्या डाव्या अंगास चिकटतो. पहिला शब्द गुरुजनांविषयी आहे, दुसरा स्वयंपाक्यांविषयी. हिंदीत हे दुसरे रूप रूढ नसल्याने केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फाँटमध्ये ते पुष्कळदा नसे किंवा सदोष असे.

कृष्णा व कोयना यांच्या संगमावरील कऱ्हाड या सातारा जिल्ह्यातील गावाचे नाव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ते युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात ऱ हा ०९३१ क्रमांकाचा वर्ण, हलन्त चिन्ह व ह असा क्रम असतो. दुसऱ्या, जुन्या प्रकारात र, हलन्त चिन्ह, एक अदृश्य जोडचिन्ह व ह असा क्रम असतो. चांगल्या फाँटमध्ये दोन्हींचे पडद्यावरील रूप तंतोतंत सारखे दिसते. वाचकाला दोष जाणवतच नाही. परंतु एका प्रकाराने लिहिलेली नोंद दुसऱ्या प्रकाराने शोधली असता यंत्र ती नाही असे सांगते. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना अदृश्य जोडचिन्ह गळून पडले तर ‘कर्हाड’ असे रफारयुक्त, चुकीचे रूप दिसू लागते.

यावरून एकरूपतेच्या प्रश्नाची दुसरी बाजू लक्षात येते. रूप वेगळे पण मजकूर एक, हा दोष डोळ्यांना दिसतो आणि त्याची तक्रार होते. रूप एक पण मजकूर वेगळा, हा दोष दिसत नाही आणि म्हणून तो टिकून राहतो. जमिनीचे उतारे, जन्ममृत्यूच्या नोंदी, मतदारयाद्या व ग्रंथालयांच्या सूची संगणकावर ठेवल्या जातात तेव्हा नाव दिसणे जितके महत्त्वाचे तितकेच ते सापडणेही महत्त्वाचे असते. शोधात न आलेली नोंद व्यवहारात नसल्यासारखीच ठरते. म्हणून अशा संग्रहांत प्रत्येक नाव साठविण्यापूर्वी त्याचे सर्व पर्यायी लेखनप्रकार एका ठरलेल्या प्रकारात आणणे आवश्यक असते.

मॉनिटरमुळे पडणारे भेद : संकेतांक, फाँट व जुळवणी ही सर्व सारखी असूनही दोन मॉनिटरांवर अक्षरे वेगळी दिसू शकतात. द्रवस्फटिकी पडद्यावर पिक्सेलांची संख्या निश्चित असते. १,९२० × १,०८० पिक्सेलांच्या पडद्याला संगणकाने १,३६६ × ७६८ पिक्सेलांचे चित्र पाठविले तर ते ताणून बसवावे लागते व अक्षरे पुसट होतात. पिक्सेलांची दाटीही सारखी नसते. वरील संख्येचे पिक्सेल २४ इंची मॉनिटरवर एका इंचात सु. ९२, तर १४ इंची पडद्यावर सु. १५७ बसतात. परिणामी तितक्याच पिक्सेलांचे अक्षर मोठ्या मॉनिटरवर सु. १.७ पट मोठे दिसते. हा भेद भरून काढण्यासाठी प्रणालीत प्रत्येक पडद्याचे प्रमाण १२५ टक्के, १५० टक्के असे वाढविता येते. परंतु अशी वाढ समजून न घेणारा जुना कार्यक्रम एका पडद्यावर रेखीव व दुसऱ्यावर अस्पष्ट दिसतो.

अक्षरांच्या कडा मऊ दिसाव्यात म्हणून पिक्सेलाच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या घटकांचा स्वतंत्रपणे उपयोग करण्याचे तंत्र विंडोज एक्सपीपासून (२००१) प्रसार पावले. या घटकांचा क्रम मॉनिटरमध्ये उलटा असल्यास किंवा मॉनिटर उभा फिरविलेला असल्यास अक्षरांभोवती रंगीत कडा दिसतात. देवनागरीवर या दोषांचा परिणाम अधिक होतो. शिरोरेषा ही प्रत्येक अक्षराबरोबर तुकड्यातुकड्यांनी काढली जाते. तुकड्यांच्या टोकांची स्थाने पूर्ण पिक्सेलावर आली नाहीत तर ती मध्येच तुटलेली वा कमीजास्त जाडीची दिसते. अनुस्वाराचा बिंदू एकदोन पिक्सेलांचा असल्याने लहान अक्षरात तो मात्रेत मिसळतो. रोमन लिपीला पुरेसा असलेला अक्षराचा आकार देवनागरीला अपुरा पडतो, कारण तिला शिरोरेषेच्या वर मात्रांसाठी व अक्षराखाली उकारांसाठीही जागा लागते.

दोषशोधन : दोष कोणत्या पायरीवर आहे हे त्याच्या स्वरूपावरून बहुधा ओळखता येते. मराठीऐवजी रोमन अक्षरांची माळ दिसत असेल तर मजकूर जुन्या फाँटमधील आहे व मूळ फाँट मिळविणे किंवा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच उपाय होय. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील तर देवनागरी असलेला फाँट उपलब्ध नाही. हलन्त चिन्हे, उजवीकडे गेलेली वेलांटी वा तुटक वर्तुळे हे जुळवणीतील अथवा वर्णांच्या क्रमातील दोषाचे लक्षण आहे. शब्द शुद्ध असून ल व श यांचे वळणच वेगळे असेल तर फाँट किंवा भाषेची खूण तपासावी. रूपे बरोबर असून पुसट, रंगीत कडांची वा तुटक शिरोरेषेची दिसत असतील तरच मॉनिटरकडे वळावे आणि त्याची पिक्सेलसंख्या, प्रमाण व जोडणी पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहणे हा येथील मुख्य नियम आहे. फाँट, प्रणाली व मॉनिटर एकदम बदलल्यास दोष जातो, पण तो कशामुळे होता हे कळत नाही.

तपासणीसाठी शिराळा, सांगली, कृष्णा, सह्याद्री व कऱ्हाड ही नावे उपयुक्त ठरतात. त्यांत वेलांटी, वळणभेद असलेली अक्षरे, ऋकार, जोडाक्षरे आणि र या वर्णाचे खास मराठी रूप ही सर्व येतात. दुसरी सोपी कसोटी चित्राची आहे. एका पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराचे, त्याच संगणकाच्या साहाय्याने, चित्र करून ते दुसऱ्या पडद्यावर मूळ आकारात पाहावे. चित्रातील अक्षरे तेथे बरोबर दिसली पण मजकूर चुकीचा दिसला तर दोष मजकूर, फाँट वा जुळवणी यांत आहे. चित्रही तसेच बिघडलेले दिसले तर तो पडद्यात आहे.

मजकूर चित्ररूपाने पाठविणे किंवा फाँट आत समाविष्ट केलेल्या पीडीएफ स्वरूपात देणे हा पुष्कळ कचेऱ्यांतील रूढ उपाय आहे. त्याने रूप स्थिर राहते. या अर्थाने तो मिरजेच्या ताम्रपटाकडे परत जाण्यासारखा असून त्याच्या मर्यादाही त्याच आहेत. चित्रातील शब्द शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही किंवा अंध वाचकासाठी यंत्राकडून वाचून घेता येत नाही. पीडीएफमधील मजकूर जुन्या फाँटचा असल्यास तो पडद्यावर निर्दोष दिसूनही शोधाला निरुपयोगी असतो.

वाई येथील कोशकार्य : वाई येथे प्राज्ञपाठशाळेच्या धर्मकोशाचा पहिला भाग १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये स्थापन केलेल्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले. मंडळाचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–९४) यांच्या नेतृत्वाखाली वाई हे त्याचे केंद्र झाले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला व १९८० मध्ये या कार्यासाठी स्वतंत्र विश्वकोश निर्मिती मंडळ स्थापन झाले. मुद्रित खंडांत मुद्रितशोधकाने एकदा मान्य केलेले अक्षर सर्व प्रतींत तसेच राहिले. पुढे विश्वकोशातील नोंदी महाजालावर उपलब्ध झाल्या, तेव्हा त्यांचे अंतिम रूप ठरविण्याचा अधिकार छापखान्याकडून वाचकाच्या यंत्राकडे गेला. एकच नोंद साताऱ्यातील शाळेच्या संगणकावर, सांगलीतील भ्रमणध्वनीवर आणि परदेशातील मराठी कुटुंबाच्या पडद्यावर तीन फाँटमध्ये दिसू शकते. ती तिन्ही ठिकाणी शुद्ध दिसावी व शोधल्यास सापडावी यासाठी संपादकाला अक्षराच्या रूपाइतकीच त्यामागील क्रमांकांच्या शुद्धतेची काळजी घ्यावी लागते. मुद्रितशोधनाच्या कार्यात पडलेली ही नवी भर होय.

जुन्या फाँटमधील विपुल मराठी मजकूर अद्याप अनेक संग्रहांत पडून आहे. त्याचे रूपांतर यंत्राने करता येते. परंतु अर्धे अक्षर, काना व रफार यांचे तुकडे जोडताना संदिग्धता उरते व माणसाने मजकूर वाचून पाहणे अपरिहार्य ठरते. हे काम लांबले तर त्या फाँटची माहिती असणारी माणसे व ते चालविणारी यंत्रे दोन्ही दुर्मिळ होत जातील आणि कागदी प्रत नसलेला मजकूर अवाचनीय होईल. मिरजेच्या ताम्रपटातील अक्षर समजण्यास केवळ लिपीचे ज्ञान पुरेसे होते. संगणकातील अक्षर वाचण्यासाठी लिपीबरोबरच त्यामागील संकेत जपून ठेवावा लागतो. रूपाचे भेद नव्या फाँटने व चांगल्या मॉनिटरने मिटविता येतात, पण संकेत हरवल्यास मजकूरच हरवतो.